पोथीचा रुमाल : वर्धा जिल्ह्यांतील रंगाई व शिवण या विद्यांचें एक उपेक्षित साधन

जुन्या पोथ्या व दप्तरें मिळविणाऱ्या आम्हां मंडळींस एक खोड जडलेली आहे. बासन हातीं आलें कीं त्याची गांठ सोडावयाची, वरचें कापड झटकून बाजूस टाकावयाचें, आणि तडक पोथीच्या शेवटच्या पानावरचा शक व लेखकाचें नांव शोधूं लागावयाचें. कापड जीर्ण असल्यास तें त्याच दिवशीं केरांत जातें. धड असल्यास धुऊन घरकामास लागतें. पोथीस नवा रुमाल मिळतो. यादींत पानें, ओळी व अक्षरें यांची संख्या नोंदली जाते. आणि ज्या वस्त्रानें ती पोथी पिढ्यान् पिढ्या सांभाळली त्याचा यादींत एका शब्दानेंहि उल्लेख नसतो. हें वस्त्र स्वतंत्र साधन आहे, व रंगारी आणि शिंपी यांच्या विद्येचा इतिहास लिहावयाचा असेल तर तें पोथीइतकेंच मोलाचें आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचनासाठीं वर्धा जिल्हा घेतला आहे, याचीं कारणें दोन. एक, हा कापसाचा मुलूख. कापूस, सूत, रंग व शिवण ही सगळी सांखळी येथें एका ठिकाणीं पाहावयास मिळते. दुसरें, हाताची विद्या शाळेंत आणावी कीं नाहीं या प्रश्नाचा विचार हिंदुस्थानांत जेथें सर्वांत नेटानें झाला तें ठिकाण वर्धा हेंच होय. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे रुमालाचें महत्त्व आपोआप ध्यानांत येतें.

१

आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें रंगाईची कृति एखाद्या जुन्या ग्रंथांत सांपडेल अशा आशेनें मीं प्रथम तिकडे पाहिलें. उल्लेख पुष्कळ सांपडतात. पाणिनीच्या अष्टाध्यायींत चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचा आरंभच रंगविलेल्या वस्त्राच्या नांवानें होतो. अमुक रंगानें रंगविलेलें या अर्थीं रंगद्रव्याच्या नांवास प्रत्यय लागतो असा तेथें नियम आहे; कषायापासून काषाय, मंजिष्ठेपासून माञ्जिष्ठ, कुसुंभापासून कौसुम्भ हे शब्द त्या नियमानें सिद्ध होतात. लाक्षा व रोचना यांच्यासाठीं लगेच पुढें निराळें सूत्र आहे, आणि नीली, हरिद्रा व महारजन यांच्याकरितां वार्तिककारास आणखी सोय करावी लागली. यावरून एवढें निश्चित होतें कीं, रंगद्रव्याच्या नांवावरून वस्त्राचें नांव पाडण्याची रीति त्या काळीं रूढ होती, आणि व्याकरणकारांस तिची स्वतंत्र दखल घ्यावी लागली इतकीं हीं नांवें लोकांच्या तोंडीं होतीं.

कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायांत कारागिरांवर नजर कशी ठेवावी हें सांगतांना रंगविण्याच्या मुदती दिल्या आहेत. फिक्या रंगास पांच रात्री, निळ्यास सहा, आणि फुलें, लाक्षा व मंजिष्ठा यांच्या रंगांस, तसेंच ज्यास फार मेहनत पडते अशा उंची वस्त्रास, सात. मुदत टळली तर वेतन बुडालें. उत्तम रंगास एक पण, मध्यमास अर्धा, कनिष्ठास पाव, असा मेहनतान्याचा दर आहे. रंगाविषयीं तंटा पडल्यास वेतन किती द्यावें हें जाणत्यांनीं ठरवावें, असेंहि तेथें म्हटलें आहे. विशेष म्हणजे हाच नियम तुन्नवायास, म्हणजे शिंप्यास, लागू करावा असें ग्रंथकार सांगतो. रंगारी व शिंपी हे एका कायद्याखालीं आले ते तेव्हांपासून.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत वस्त्र रंगविणें व सुईचें काम या दोहोंस स्थान आहे. सुईच्या कामाचे जयमंगला टीकेंत तीन प्रकार केले आहेत : चोळीसारखीं वस्त्रें शिवणें तें सीवन, फाटलेलें सांधणें तें ऊतन, आणि झुली, अंथरुणें इत्यादि रचून शिवणें तें विरचन. आमच्याकडची चोळी, रफू व वाकळ यांचें हें शास्त्रीय नामकरणच समजावें. अमरसिंहानें तुन्नवाय व सौचिक हे शब्द एकत्र दिले आहेत. रजक हा शब्द रंगविणें या अर्थाच्या धातूपासून निघालेला असूनहि अमरकोशांत तो धोब्याचा वाचक आहे, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. धुणें व रंगविणें हीं कामें एकाच्या हातीं असल्याची ती खूण दिसते.

तथापि या सर्व उल्लेखांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट उघड होते. व्याकरणकार रंगाकडे शब्दासाठीं पाहतो, अर्थशास्त्रकार दंडासाठीं पाहतो, कामसूत्रकार नागरिकाच्या विलासासाठीं पाहतो. काळ आहे, दर आहे, नांवें आहेत. फक्त कृति नाहीं. कुंडांत प्रथम काय टाकावें, पाणी कोठलें घ्यावें, कापड किती वेळां वाळवावें, हें रंगाऱ्यानें मुलाच्या कानांत सांगितलें आणि मुलानें हातानें गिरविलें. ज्यास लिहितां येत होतें त्यास कृति येत नव्हती, आणि ज्यास कृति येत होती त्यास लिहिण्याची गरज वाटली नाहीं.

ग्रंथ मुके असले तरी वस्त्र मुकें नसतें. मोहेंजोदडो येथें एका चांदीच्या भांड्यास चिकटून राहिल्यामुळें कापसाच्या कापडाचा एक तुकडा शिल्लक राहिला, आणि परीक्षेंत तो मंजिष्ठेच्या जातीच्या लाल रंगानें रंगविलेला असल्याचें ठरलें. त्या नगरांतील मुद्रांवरची लिपि अद्यापि सर्वमान्य रीतीनें वाचतां आलेली नाहीं. पण त्याच नगरांतील रंगाऱ्याचें काम वाचतां आलें. पोथ्या जमविणाऱ्यांनीं हें उदाहरण नेहमीं डोळ्यांपुढें ठेवावें.

२

आतां वर्ध्याकडे वळूं. हा जिल्हा १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला, आणि वर्धा शहर १८६६ मध्यें पालकवाडी या खेड्याच्या जागीं वसविण्यांत आलें. जिल्हा नवा असला तरी मुलूख जुना आहे. पश्चिमेच्या अंगास वर्धा नदी, मधून धाम, बोर, यशोदा व वणा यांचे प्रवाह, आणि दोहों बाजूंस काळी कपाशीची जमीन. हिंगणघाटच्या कापसाची प्रसिद्धि १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत विलायतेपर्यंत पोंचली. परंतु त्यापूर्वींहि हा कापूस येथेंच कातला, विणला व रंगविला जात होता. जेथें कापूस तेथें कोष्टी, आणि जेथें कोष्टी तेथें रंगारी, असा या मुलखाचा क्रम होता.

रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींविषयींच्या चार भागांच्या ग्रंथांत (१९१६) छीपा, रंगारी, भावसार, निराळी व नीलगर हीं सर्व नांवें एकाच लेखाखालीं घेतलीं आहेत. नीळ कालविणारा, छापणारा व रंगविणारा असे भेद त्या नांवांत असले तरी धंद्याचें मूळ एक, हेंच त्यावरून दिसतें. हीं मंडळी नामदेवांस आपलें म्हणतात आणि शिंपी तर म्हणतातच. पंढरीच्या वाटेवर रंगारी व शिंपी यांचें कूळ जणूं एक होतें.

रंगाऱ्याचें सामान रानांतून व शेतांतूनच येई. पिवळ्यासाठीं हळद, पळसाचीं फुलें व डाळिंबाची साल, निळ्यासाठीं नीळ, तांबड्यासाठीं आल, गुलाबी व कुसुंबी छटांसाठीं करडईच्या जातीचीं कुसुंब्याचीं फुलें, काळ्यासाठीं हिरडा आणि गुळाच्या पाण्यांत कुजविलेलें मोडकें लोखंड. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें तिचें नांव आतां दूरवर गेलें आहे. परंतु लग्नाचें पिवळें वस्त्र ज्या हळदींत बुडविलें जाई ती हीच या मातींतील हळद.

यांतील प्रत्येक द्रव्याचा स्वभाव निराळा. हळद कापसावर सहज चढते, पण उन्हांत राहत नाहीं. कुसुंब्याचीं फुलें आधीं पाण्यांत पुनःपुन्हा धुऊन पिवळा अंश काढून टाकावा लागतो, मग खाराच्या पाण्यांत तांबडा अंश उतरवावयाचा, आणि आंबटाच्या योगानें तो कापडावर बसवावयाचा. इतकें करूनहि तो रंग नाजूकच. नीळ तर पाण्यांत विरतच नाहीं. तिला चुना व गूळ घालून आंबवावें लागतें. त्या कुंडांतून कापड हिरवट पिवळें बाहेर येतें आणि वारा लागतांच डोळ्यांदेखत निळें होतें. हा क्षण ज्यानें एकदां पाहिला तो विसरत नाहीं, आणि कुंड तयार झाला कीं नाहीं हें रंगारी वासावरून व वर आलेल्या फेसावरून सांगतो. तें कोणत्याहि पुस्तकावरून कळावयाचें नाहीं.

सर्वांत मेहनतीचा रंग आलीचा. आल हें झाड मध्यप्रांत व वऱ्हाड येथील काळ्या जमिनींत मुद्दाम लावीत. तीनेक वर्षांनीं मुळें खणून काढीत; रंग मुळांच्या सालींत असतो, आणि बारीक मुळांस जाड्या मुळांपेक्षां अधिक मोल येई. कापड प्रथम तेल व खार यांच्या मिश्रणांत भिजवून वाळवावयाचें, तें पुनःपुन्हा. मग तुरटीचें पाणी द्यावयाचें. नंतर कुटलेल्या मुळांबरोबर मंद आंचेवर उकळावयाचें. तुरटी हीच रंग व धागा यांचा सांधा. या कामीं घाई चालत नाहीं. मात्र एकदां बसलेला रंग धोब्याच्या दगडासहि दाद देत नाहीं. अशा रंगाच्या जाड्याभरड्या कापडास खारवा म्हणत. वह्यांचे पुठ्ठे मढविण्यास, दप्तरें बांधण्यास व पोथ्यांचे रुमाल करण्यास हाच खारवा सर्वत्र लागे. तांबड्या कापडास कसर कमी लागते असा जुन्या लोकांचा समज होता. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागदांचे गठ्ठे आजहि रुमाल या नांवानेंच मोजले जातात. वस्त्राचें नांव कागदांस मिळालें आणि वस्त्र विसरलें गेलें, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

३

ही विद्या कशानें मोडली याचा निर्णय कठीण नाहीं. पर्किन यानें १८५६ मध्यें डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्यें ग्रेबे व लीबरमान या दोघां जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेच्या जातींतील मुख्य तांबडें द्रव्य, अलिझारिन, कृत्रिम रीतीनें सिद्ध केलें. पुढच्या दहा-वीस वर्षांत तें पिंपांतून बाजारांत आलें, आणि तीन वर्षें जमीन अडवून आल लावण्यांत शेतकऱ्यास अर्थ उरला नाहीं. १८९७ पासून कृत्रिम नीळहि जर्मनींतून येऊं लागली. इकडे लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. त्याच वाटेनें कापूस बाहेर जाऊं लागला, आणि त्याच वाटेनें तयार कापड व रंगाचे डबे आंत येऊं लागले. १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें हिंगणघाट व पुलगांव येथेंहि गिरण्या उभ्या राहिल्या.

या बदलांत रंगारी एका दिवसांत नाहींसा झाला असें मात्र नव्हे. त्यानें डब्यांतील रंग घेतला. काम सोपें झालें, रंग भडक झाले, गिऱ्हाईक खूष झालें. जी गोष्ट गेली ती मुलास शिकविण्याची गरज. पुडी पाण्यांत टाकून ढवळण्यास सात वर्षांची उमेदवारी लागत नाहीं. मुलगा दुसऱ्या उद्योगास गेला, आणि बापाच्या हातांतील आलीचें व निळीचें ज्ञान बापाबरोबर संपलें. शिवणाचेंहि थोडेंबहुत असेंच झालें. यंत्र आलें तसा धांवदोरा, दुमड व तुरपाई यांचा मान घटला. घरांतील वाकळ तेवढी बायकांच्या हातीं राहिली.

४

अशा वेळीं वर्ध्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. १९२१ मध्यें विनोबा येथें आश्रमाच्या कामास आले. १९३४ च्या अखेरीस मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पांनीं त्याचें काम हातीं घेतलें. १९३६ मध्यें गांधीजी सेगांवांत राहावयास गेले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपला अहवाल दिला, आणि १९३८ मध्यें हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन आर्यनायकम् व आशादेवी यांनीं सेवाग्रामांत तें काम चालविलें. त्याच वर्षीं ३० डिसेंबर रोजीं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्तें उघडलें.

या योजनेचा गाभा असा कीं, सात ते चौदा वर्षांच्या मुलास हस्तोद्योगाच्या द्वारें सर्व विद्या द्याव्या. मुख्य उद्योगांत पहिलें स्थान सूतकताई व विणकाम यांस मिळालें. गणित तारांवरून, भूगोल कापसावरून, इतिहास वस्त्रावरून, अशी ती पद्धति. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी, या मापानें मुलाचें काम रोजच्या रोज मोजतां येई. कातण्याच्या मूलोद्योगावर स्वतः विनोबांनीं पुस्तक लिहिलें. शतकानुशतकें जी विद्या फक्त हातांत होती ती अशा रीतीनें कागदावर व फळ्यावर आली. या दृष्टीनें १९३७ हें सन आमच्या कारागिरीच्या इतिहासांत मोठें मानलें पाहिजे. कारण लिहिणारा व करणारा हे दोघे एकच असावेत, असें त्या वर्षीं प्रथम शाळेस सांगण्यांत आलें.

परंतु रंगाई हा स्वतंत्र मुख्य उद्योग ठरला नाहीं. तो कां ठरला नाहीं, याविषयीं माझें अनुमान असें आहे. सूत मोजतां येतें, रंग मोजतां येत नाहीं. मुलाच्या कामाच्या उत्पन्नांतून शाळेचा कांहीं भार निघावा अशी योजनेची अपेक्षा होती. तेव्हां ज्याचा हिशेब गुंडीवर लागतो तो उद्योग सोयीचा ठरला. रंगास ऋतु लागतो, पाणी लागतें, आणि सर्वांहून अधिक म्हणजे जाणता डोळा लागतो. असा डोळा असलेले रंगारी तोंपर्यंत विरळ झाले होते, आणि जे होते त्यांच्या घरीं जर्मन रंगाचा डबा होता. कौटिल्यानें रंगाच्या तंट्यांत जाणत्यांकडे जावें म्हटलें. येथें तंटा करावयास शाळा होती, पण जाणता उरला नव्हता.

म्हणून कांहींच झालें नाहीं असें कोणी समजूं नये. शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद हे १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामांत कलेचे शिक्षक होते. कला हाच शिक्षणाचा पाया असें पुढें ग्रंथरूपानें मांडणारे ते हेच. २००५ मध्यें सेवाग्रामच्या आवारांत नई तालीम समितीनें आनंदनिकेतन शाळा सुरू केली व तेथें शेती, सूतकताई, शिवण अशा कामांस अभ्यासांत पुन्हा जागा मिळाली. मगन संग्रहालयाच्या मंडळींनीं अलीकडच्या काळांत खादीवर वनस्पतींचे रंग चढविण्याचें काम नव्यानें उभें केलें आहे. आज तेथें पिवळा, निळा वा करडा रंग कापडावर चढतांना जो पाहील त्याच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहणार नाहीं : या मुलखांतील आजोबांचा तांबडा नेमका कसा होता? त्याचा मासला कोठें पाहावयास मिळेल? याचें उत्तर देण्याचें सामर्थ्य त्या कारागिरांपेक्षां आम्हां पोथीवाल्यांच्या कपाटांत अधिक आहे, आणि आम्ही तें केरांत टाकीत आलों आहों.

५

हा दोष मीं दुसऱ्यावर ठेवीत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आर्वी तालुक्यांतील एका घरून मला दोन बासनें मिळालीं. वरचा रुमाल तांबडा, जाड, आणि आंत पोथीलगत एक पिवळें वस्त्र. पोथ्या कर्मकांडाच्या, सामान्य. मीं त्यांचीं पानें लाविलीं, सूचि केली, आणि तो पिवळा रुमाल मळका दिसला म्हणून धुण्याचा सोडा घालून भिजत टाकला. थोड्याच वेळांत पाणी व कापड दोन्ही तांबूस झालीं. मला नवल वाटलें, पण मीं तें तसेंच खळबळून धुतलें. वाळल्यावर हातीं एक फिकट चिंधी उरली. खारानें हळद तांबडी होते हें कुंकू करणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक असतें. संस्कृताच्या मास्तरास तें सुचलें नाहीं. पोथीस अगदीं लगटून ठेविलेलें तें हळदीचें सोंवळें वस्त्र होतें, आणि उजेडापासून दूर राहिल्यामुळेंच त्याचा रंग इतकीं वर्षें टिकला होता. जें पोथीनें जपलें तें मीं एका दुपारीं घालविलें.

तांबड्या रुमालाची कथा याहून वाईट. त्याला चार ठिकाणीं ठिगळें होतीं, चारहि निरनिराळ्या तांबड्या कापडांचीं, आणि दोरे निराळे. जयमंगलेंतील ऊतन मीं वर्गांत मुलांस समजावून देत होतों. तेंच माझ्या हातांत होतें आणि मला दिसलें नाहीं. प्रत्येक ठिगळ म्हणजे त्या घरांतील एका पिढीनें पोथीची केलेली काळजी. एक ठिगळ आलीच्या रंगाचें, दुसरें डब्यांतील रंगाचें, तिसऱ्यावर यंत्राची शिवण असें असतें तर त्या घरीं नवा रंग व नवें यंत्र कोणत्या क्रमानें आलें हें सांगतां आलें असतें. पण असतें तर असें म्हणण्यापलीकडे आतां मला कांहीं करतां येत नाहीं. तें कापड मीं पुसण्यास वापरलें.

६

आतां रुमालावरून काय काय कळूं शकतें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट रंगाची. आलीचा तांबडा, मंजिष्ठेचा तांबडा, लाखेचा तांबडा व कारखान्यांतील अलिझारिन हे डोळ्यांस सारखे भासले तरी त्यांचीं घटकद्रव्यें निराळीं आहेत. आलींत मोरिंडोन असतें. मंजिष्ठेंत पुरपुरिन व त्याचे सोबती असतात. कारखान्यांतील मालांत नुसतें अलिझारिन. आजच्या रसायनशाळेंत हीं द्रव्यें वेगळीं करण्यास कांहीं थोड्या मिलिमीटर लांबीचा धागा पुरतो. तेव्हां रुमालांतून सुटून पडलेला एक दोराहि टाकूं नये.

दुसरी गोष्ट सुताची. हातसुतास जाडीचा व पिळाचा चढउतार असतो. गिरणीचें सूत एकसारखें असतें. ताणा गिरणीचा व बाणा हातचा असाहि प्रकार सांपडतो, आणि तो संक्रमणकाळाची साक्ष देतो.

तिसरी गोष्ट शिवणाची. यंत्राच्या टांक्यास वरून व खालून असे दोन दोरे लागतात आणि ते कापडाच्या मध्यें एकमेकांत अडकतात. धांवदोऱ्यास एकच दोरा. यंत्राची शिवण असलेला रुमाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधींचा असूं शकत नाहीं. हातशिवण मात्र कोणत्याहि काळची असूं शकेल. तिच्यावरून जुनेपणा सिद्ध होत नाहीं, हें नीट ध्यानांत धरावें.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. रुमाल बदलतात, शके १६०० च्या पोथीस शके १८०० चा रुमाल असूं शकतो, मग त्याचा उपयोग काय? आक्षेप बरोबर आहे, पण तो रुमालावरून पोथीचा काळ ठरविणाऱ्यास लागू पडतो. रुमालावरून पोथीचा काळ ठरवूं नये. रुमालाचाच काळ ठरवावा. आणि उलट पोथीच्या घराण्याची माहिती असल्यास ती रुमालास उपयोगी पडते. बाजारांत मिळालेल्या जुन्या चिंधीचें गांव, घर वा धनी कळत नाहीं. पोथीच्या रुमालाचें गांव व घर मात्र पोथीबरोबरच आपल्या हातीं येतें. गांवाचें नांव जोडलेला रंगाचा मासला, हीच या साधनाची विशेष किंमत.

यासाठीं संग्राहकांनीं पाळावयाचे नियम थोडे व सोपे आहेत. रुमाल धुवूं नये, इस्त्री करूं नये, उन्हांत टाकूं नये. पोथीचा जो क्रमांक तोच रुमालास द्यावा, पण शाईनें कापडावर नव्हे, चिठ्ठीवर लिहून. पोथी नव्या वस्त्रांत ठेवावयाची असल्यास जुना रुमाल स्वच्छ पांढऱ्या कागदांत सैल गुंडाळून अंधाऱ्या जागीं ठेवावा. लांबी, रुंदी, रंग, ठिगळांची संख्या, शिवणाची जात, व तो कोणत्या गांवच्या कोणत्या पोथीवर होता, एवढें यादींत लिहावें. जुन्या वह्यांच्या खारव्याच्या पुठ्ठ्यांसहि हाच नियम. रंगारी वा शिंपी यांच्या घरीं हिशेबाची वही, छापण्याचे लांकडी ठसे अगर नमुन्याचे तुकडे असतील तर तींहि मोडीच्या कागदाइतक्याच आदरानें पाहावीं. १९३८ नंतरच्या बुनियादी शाळांतील मुलांच्या वह्या व शिक्षकांच्या रोजनिशा कोणा घरीं पडून असतील तर त्याहि आतां जुन्या कागदांतच मोडतात.

असो. वस्त्र रंगविणाऱ्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, आणि ग्रंथ लिहिणाऱ्यानें वस्त्र रंगविलें नाहीं. तरी एकाचें काम दुसऱ्याच्या कामाभोंवतीं गुंडाळलेलें राहिलें, म्हणून दोन्ही आमच्यापर्यंत आलीं. वर्ध्यांतील मुलें आज पुन्हा कुंडांत कापड बुडवीत आहेत. त्यांस दाखविण्यास जुन्या तांबड्याचा एक तरी तुकडा, गांवाच्या नांवासह, आमच्या संग्रहांतून निघावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे. वाचकांनीं पुढचें बासन सोडतांना गांठ हळूच सोडावी.